साप, मेंढ्या आणि शेरलॉक होम्स

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला साहित्यातले काही कळत नाही असा एक समज आहे. तो बराचसा खरा आहे. बी.कॉम.ला असताना मी वाचलेले सगळ्यात रहस्यमय पुस्तक म्हणजे ऑडिटिंगचे. सहाशे पानांत अफरातफर कशी करतात ते सगळे दिले होते, पण ती करणारा शेवटपर्यंत सापडत नव्हता. तेव्हापासून ज्या पुस्तकात शेवटी माणूस सापडतो अशा पुस्तकांची मला ओढ लागली आणि ती चाळिशी उलटली तरी सुटलेली नाही.

आता ही ओढ खाजगी असते तोवर ठीक. पण तिसगावला बदली झाल्यावर एके दिवशी तिथल्या शाळेचे हेडमास्तर विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीच्या खात्यांसाठी माझ्या काउंटरवर आले. त्या दिवशी नेहमीप्रमाणे सर्व्हर झोपला होता आणि मी कीबोर्डाच्या आडोशाला शेरलॉक होम्स उघडून बसलो होतो. हेडमास्तरांनी वाकून पाहिले. मला वाटले, आता मॅनेजरकडे तक्रार. पण ते म्हणाले, “तुम्ही वाचता?”

बँकेच्या काउंटरवर हा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता. मी कबुली दिली.

“मग आमच्या आठवीच्या मुलांना सांगा ना काहीतरी. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतोच, 2015 पासून दरवर्षी करतो आम्ही. पण त्या दिवशी एक भाषण होतं, मुलं टाळ्या वाजवतात आणि वाचनाची प्रेरणा तिथंच संपते. तुम्ही दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी या. तुम्हाला सुट्टी, आमची सकाळची शाळा.”

“मला फक्त रहस्यकथांतलं कळतं हो.”

हेडमास्तर जरा विचारात पडले. “खून नकोत,” ते म्हणाले.

“चोरी चालेल?”

“चोरी चालेल. पण शेवटी पकडला गेला पाहिजे.”

इतक्या थोडक्या शब्दांत रहस्यकथेचे शास्त्र मी दुसरीकडे कुठे वाचलेले नाही.

मुलांना काय सांगायचे याचा विचार करायला लागलो आणि पहिल्यांदा आठवली ती वडिलांची ट्रंक. तिच्यात बाबूराव अर्नाळकर होते. म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण. या माणसाने हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. आमच्या शाखेत इतकी व्हाउचरेसुद्धा एका दिवसात होत नाहीत. झुंजार आणि काळापहाड यांनी महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांना दिवा विझवायची वेळ टळून गेल्यावरही जागे ठेवले. त्यांचे माझ्यावर ऋण आहे आणि ते मी फेडणार नाही, कारण ते फेडण्यासारखे नाही. पण समीक्षकाच्या खुर्चीवर बसलो आहे (ती खुर्ची शाळेची होती आणि तिचा एक पाय आखूड होता) तर खरे सांगायला हवे. अर्नाळकरांत वाचक पळतो, विचार करत नाही. झुंजारला गुन्हेगार कसा सापडला हे विचारायला उसंतच नसते, तो सापडलेला असतो आणि पुढची मोटार सुरू झालेली असते.

मग भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश, सायकल आणि ते “ट्टॉक!” पोरांना तो आवडणार हे नक्कीच होते आणि आवडलाही. पण फेणे हा मुळात धाडसकथेचा नायक. तो संकटात उडी मारतो. मला हवी होती ती बसून उलगडायची गोष्ट. खुणा समोर ठेवायच्या, आकडे मांडायचे आणि बेरीज वाचकाने करायची. आणि ती एका तासात संपायला हवी. तास म्हणजे शाळेचा, पस्तीस मिनिटांचा. त्यातली पाच हजेरीची.

तेव्हा गाडी पुन्हा होम्सवर आली. भालबा केळकरांसारख्यांनी होम्स मराठीत कधीच आणून ठेवला आहे, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. मी माझी पद्धत ठरवली: गोष्ट सांगायची, सगळ्या खुणा द्यायच्या आणि उलगड्याच्या अलीकडे थांबायचे. उत्तर दोन आठवड्यांनी. (यापुढे मी उत्तरे धडाधड सांगणार आहे. या गोष्टींना शंभर वर्षे कधीच होऊन गेली. एवढ्या मुदतीत न उचललेल्या ठेवीवर हक्क सांगू नये.)

पहिली गोष्ट निवडताना मी अगदी थेट लेखकाचाच सल्ला घेतला. आर्थर कॉनन डॉयलने 1927 साली स्वतःच्या होम्सकथांतल्या उत्तम बारा निवडल्या होत्या. त्यांत पहिला नंबर ठिपक्याठिपक्यांच्या पट्ट्याच्या गोष्टीचा, 1892 मधली. एक दुष्ट सावत्र बाप, हिंदुस्थानात डॉक्टरकी करून आलेला. त्याच्या दोन सावत्र मुली. एकीचे लग्न ठरते आणि ती मरते. मरताना ठिपक्यांच्या पट्ट्याविषयी काहीतरी बोलते. मग दुसरीचे लग्न ठरते. तिला त्याच खोलीत निजवतात. पलंग जमिनीला खिळलेला, घंटेची दोरी खोटी, भिंतीला झरोका पण तो बाहेर न उघडता बापाच्या खोलीत उघडणारा. रात्री शिट्टी ऐकू येते. बापाच्या खोलीत लोखंडी तिजोरी आणि तिच्यावर दुधाची बशी.

हेडमास्तरांना खून नको होते हे मला अर्ध्या गोष्टीत आठवले. पण तोवर वर्गात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. म्हटले, आता थांबण्यात अर्थ नाही.

दोन आठवड्यांनी मी उत्तर सांगितले: साप! बाप झरोक्यातून साप सोडायचा, तो दोरीवरून पलंगावर उतरायचा आणि शिट्टी वाजवली की दुधासाठी परत यायचा.

मी टाळ्यांची वाट पाहत उभा राहिलो. वर्गात शांतता. मग खिडकीकडच्या बाकावरून एक आवाज आला, “सर, साप दूध पीत नाही.”

“नागपंचमीला—”

“ते आपण पाजतो. तो पीत नाही.”

मग काय विचारता! अर्धा वर्ग उभा. सापाला बाहेरून कान नसतात, शिट्टीवर तो कुत्र्यासारखा परत कसा येईल? लोंबत्या दोरीवरून साप खाली पडेल, पण पुन्हा वर कसा चढेल? आणि साप कुठला? नाग, घोणस, मण्यार, फुरसे, ह्यांतला कुठला? डॉयलने त्याला दलदलीतला विषारी साप म्हटले आहे आणि हिंदुस्थानातला सर्वांत जहाल असे प्रमाणपत्र देऊन टाकले आहे. अशा नावाचा साप आपल्या देशात नाही. त्याच बंगल्यात हिंदुस्थानातून मागवलेले एक बबून माकडही हिंडत असते. बबून आफ्रिकेतला आणि अरबस्तानातला. बहुधा वाटेत बोट बदलताना चुकून चढला असावा.

“आणि सर,” पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “तिजोरीत साप गुदमरणार नाही का? तुमच्या बँकेतल्या तिजोरीत ठेवला तर?”

या एका मुद्द्यावर मी अधिकारवाणीने बोलू शकत होतो. गुदमरेल. आमच्या तिजोरीशेजारी तर माणूसही गुदमरतो.

त्या दिवशी घरी येताना मला वाईट वाटले, पण होम्सबद्दल नव्हे. मी ही गोष्ट पंचवीस वर्षांत दहा वेळा वाचली असेन आणि प्रत्येक वेळी त्या सापाला मुकाट्याने दूध पाजले होते. म्हणजे कोण वाचत होते? लंडनमधल्या वाचकाला हिंदुस्थान म्हणजे साप, विष आणि गूढ. त्याला बशीतले दूध खपले यात नवल नाही. पण ते नगर जिल्ह्यातल्या माणसालाही खपावे? लेखकाने आपल्याच देशाविषयी काहीही सांगितले आणि आपण “हो का?” म्हणत पान उलटले. गोष्टीतले वातावरण झकास आहे, तो खिळलेला पलंग तर मला अजून रात्री आठवतो. पण हिशेबात मुळातली एंट्रीच खोटी. वाचकाकडे जे ज्ञान आहे ते वापरले की ही गोष्ट मोडते. अशी गोष्ट मुलांना पहिली देऊ नये, कारण तिच्यात हुशार ठरायचे तर जे माहीत आहे ते विसरावे लागते.

दुसरी गोष्ट मी स्वार्थाने निवडली, कारण तिच्यात बँक आहे. डॉयलच्या यादीतही तिचा नंबर दुसरा. तांबड्या केसांच्या लोकांचा संघ; ही 1891 ची. एका सावकाराला नुसते केस तांबडे म्हणून नोकरी मिळते: रोज दहा ते दोन, ज्ञानकोशातला ‘ए’ अक्षराचा भाग उतरून काढायचा, आठवड्याला चार पौंड. आठ आठवड्यांनी एके सकाळी दारावर पाटी, संघ विसर्जित. खरा प्रकार असा, की त्याला दुकानातून रोज चार तास बाहेर काढायचे आणि तेवढ्या वेळात त्याचा नोकर तळघरातून मागच्या बँकेच्या तिजोरीपर्यंत बोगदा खणणार. तिजोरीत फ्रान्सहून आलेली तीस हजार सोन्याची नाणी.

या गोष्टीत खुणा अशा चोख मांडल्या आहेत की आमच्या इन्स्पेक्शनवाल्यांनी शिकावे. नोकर अर्ध्या पगारावर काम करायला तयार असतो. इथेच मी म्हटले, “मुलांनो, अर्ध्या पगारावर खूश असलेला माणूस जगात एकच, ज्याची दुसरी कमाई आहे तो.” त्याच्या विजारीचे गुडघे मळलेले असतात. चोरी शनिवारी रात्री, कारण सोमवारपर्यंत बँक उघडत नाही. बँकेचा चेअरमन स्वतः पत्त्यांचा डाव सोडून अंधाऱ्या तळघरात चोराची वाट पाहत बसतो, ही एकच गोष्ट मला असंभाव्य वाटली. मुलांना तीही खटकली नाही. त्यांना खटकले ते निराळेच.

“सर, मग तुमच्या बँकेतही दुसऱ्या शनिवारी चोरी सोपी.”

“हो. म्हणजे, नाही.”

“आणि त्या वेळी तुम्ही इथं असता. हेडसरांनी बोलावलं म्हणून.”

सगळा वर्ग हेडमास्तरांच्या खोलीकडे पाहू लागला. मी सोमवारी बँकेत गेल्यावर फरशी दोनदा पायाने ठोकून पाहिली, हे इथे कबूल करतो.

रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका पाद्रीबुवांनी 1929 साली रहस्यकथांसाठी दहा नियम केले. एकाहून जास्त चोरवाटा नकोत, जुळे भाऊ आयत्या वेळी काढू नका, गुप्तहेराला सापडलेली खूण वाचकापासून लपवू नका, असे. हेड ऑफिसच्या सर्क्युलरात आणि ह्यात फरक एवढाच की हे समजतात. मी ते फळ्यावर लिहिले. मुलांनी उतरून घेतले आणि नंतर प्रत्येक गोष्टीला लावून पाहायला लागली. तो तास कंटाळवाणा झाला. नियम आधी सांगू नयेत.

मग रौप्यपट्टा घोड्याची गोष्ट. 1892 च्या डिसेंबरातली. मोठ्या शर्यतीच्या आधी नामांकित घोडा तबेल्यातून नाहीसा होतो आणि त्याला शिकवणारा माळावर मरून पडलेला सापडतो. तबेल्यातल्या पोराला रात्रीच्या जेवणातून अफू दिलेली असते. जेवण होते मसालेदार मटणाचा रस्सा. इंग्लंडात हे खास हिंदी वळणाचे जेवण, म्हणून अफूची चव लपते. तिसगावात याचे स्पष्टीकरण द्यावे लागले नाही. “लई तिखट केलं असंल,” एवढ्यावर काम भागले. तबेल्यात कुत्रा असतो आणि तो त्या रात्री भुंकत नाही. मेलेल्याच्या खिशात बायकांच्या भारी कपड्याचे बावीस गिनींचे बिल असते, दुसऱ्याच्या नावावरचे. आणि जवळच्या कुरणातल्या तीन मेंढ्या अलीकडे लंगडायला लागल्या आहेत.

कुत्र्याची खूण जगप्रसिद्ध आहे. जिथे तिथे तिचा दाखला देतात. मी ती जोर देऊन सांगितली आणि मेंढ्यांचे वाक्य, खरे सांगायचे तर, घाईत उरकले. तासाची तीन मिनिटे उरली होती.

मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा. धनगराच्या घरचा. तोवर तो एकदाही बोलला नव्हता. तो म्हणाला, “सर, मेंढ्या किती होत्या?”

“तीन.”

“कळपात किती?”

ते गोष्टीत नाही. मी म्हटले, “असतील पुष्कळ.”

“मग त्या आपसूक नाही लंगडल्या. पावसात खुरं कुजली की एकीचं बघून दुसरीचं, पसरत जातं. तीनच लंगडल्या म्हणजे कोणीतरी केलंय.”

मी खडू खाली ठेवला. घोड्याच्या पायाची नस बारीक शस्त्राने किंचित कापायची, म्हणजे तो शर्यतीत लंगडेल आणि खूण दिसणार नाही, असा त्या शिकवणाऱ्याचाच बेत असतो. हात बसावा म्हणून तो आधी मेंढ्यांवर सराव करतो. घोडा लाथ मारतो आणि शिकवणारा मरतो. होम्सला मेंढ्यांचे सुचते ते जवळजवळ शेवटी, तेही अंदाजाने. तिसगावच्या आठवीतल्या मुलाला ते पस्तिसाव्या मिनिटाला सुचले, अनुभवाने. आणि लगेच दुसरा म्हणाला, “मढीच्या बाजारात गाढव घेताना आधी पायच बघत्यात.” मग तासाची घंटा कोणी ऐकली नाही. पुढच्या तासाच्या बाई दारात उभ्या राहून मेंढ्यांविषयी ऐकत होत्या.

गंमत अशी, की डॉयलच्या त्या निवडक बारांत ही गोष्ट नाही. शर्यतीच्या जाणकारांनी तिच्यातल्या चुकांवर झोड उठवली होती आणि आपल्याला त्या विषयातले काही कळत नव्हते हे त्याने पुढे मोकळेपणाने मान्यही केले. म्हणजे लेखकाने पहिला नंबर दिला तो खोट्या सापाला आणि यादीतून वगळल्या त्या खऱ्या मेंढ्या! लेखकाला आपल्या लेखनातले किती कळते यावर विद्वानांचे ग्रंथ आहेत. मी ते वाचलेले नाहीत. पण विद्यार्थ्यांपुढे ठेवायची रहस्यकथा कोणती, याचा माझा निकाल त्या दिवशी झाला. जिच्यात गुप्तहेर हुशार दिसतो ती नव्हे. जिच्यात मागच्या बाकावरच्या पोराचे घरचे ज्ञान खूण म्हणून चालते ती. कुत्रा का भुंकला नाही हे वर्गातल्या पंधरा जणांनी सांगितले होते, अगदी सहज. ज्यांच्या दारात कुत्रा आहे त्यांना होम्स कशाला लागतो?

ती ‘चोरलेले पत्र’ नावाची एडगर ॲलन पोची गोष्ट आहे, 1844 ची, तीही मी सांगितली. पोलीस घर उलथेपालथे करतात आणि पत्र समोरच उघड्यावर असते. मुलांना ती फारशी भावली नाही. शिक्षकांना फार भावली, कारण सामुदायिक चष्मे हरवणे हा तिथला नित्याचा कार्यक्रम होता.

अशा रीतीने दसरा आला. आता इथे पाथर्डी तालुक्याविषयी सांगायला हवे. दिवाळीच्या सुमारास साखर कारखाने पेटतात आणि या भागातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते, ती सहा महिने ऊस तोडून फेडायची. कुठे आजी-आजोबा असतात, कुठे हंगामी वसतिगृह असते, तिथे मुले राहतात. बाकीची ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जातात. मी ही माहिती बँकेत बसून कर्जाच्या बाजूने ओळखत होतो. वर्गाच्या बाजूने पाहिली नव्हती. “पुढच्या वेळी उत्तर सांगेन” असे मी दर शनिवारी ऐटीत म्हणत होतो. सप्टेंबर संपल्यावर मराठीच्या बाईंनी मला बाजूला घेतले. “सर, आता जी गोष्ट सांगाल ती त्याच तासात संपवा. पुढच्या वेळी काही मुलं नसतील.”

लघुकथा लघु का असावी यावर यापेक्षा भक्कम कारण मला माहीत नाही.

पण मी ऐकले नाही. ऑक्टोबरातल्या शेवटच्या शनिवारी मी चेस्टरटनची ‘अदृश्य माणूस’ सांगितली. 1911 च्या पुस्तकातली, फादर ब्राउन या पाद्र्याची. एका इमारतीवर चौघांचा पहारा. चौघेही शपथेवर सांगतात, आत कोणी गेले नाही. तरी आत खून होतो आणि प्रेतसुद्धा नाहीसे होते. गोष्ट इतकी रंगली की उत्तराला वेळच उरला नाही. म्हटले, दिवाळीनंतर.

मंगळवारी बँकेत भलती गर्दी होती. त्या गर्दीत तो मेंढ्यांवाला मुलगा नव्हता. दुसराच होता, खिडकीकडचा, ज्याने सापाचे दूध बंद केले तो. बापाबरोबर आला होता. बापाच्या खात्याचे केवायसी राहिले होते आणि परवा पहाटे ट्रॉली निघणार होती. मी अंगठा घेतला. यंत्राने तो ओळखला नाही. कोयता धरणाऱ्यांचे अंगठे यंत्राला ओळखत नाहीत. दुसऱ्यांदा घेतला, तिसऱ्यांदा. तेवढ्यात मुलगा काउंटरच्या काचेशी तोंड आणून हळूच म्हणाला, “सर, कोण होता तो?”

“तुला कोण वाटतो?”

“मुकादम.”

“का?”

“तो या दिवसांत रोज येतो. प्रत्येकाच्या घरी येतो. कोण आलतं विचारलं तर आई म्हणती, कोणी नाही.”

रांगेतले लोक पुढे सरकायला लागले होते. मी त्याला सांगितले की तर्क सोळा आणे बरोबर, फक्त गोष्टीत तो पोस्टमन आहे. तो रोज येतो म्हणून चौघांना दिसला तरी ‘कोणी’ वाटला नाही आणि प्रेत त्याने टपालाच्या पिशवीतून नेले.

मुलाने जरा विचार केला. “पोस्टमन? सर, पोस्टमन आला की अख्ख्या गल्लीला कळतं. कुणाचं काय आलं ते पण कळतं.”

“ती लंडनमधली गोष्ट आहे रे.”

“मग तिकडं असंल,” तो म्हणाला, “इथं मुकादमच ठेवा.”

चौथ्यांदा अंगठा उमटला. बापाने पासबुक घेतले आणि विचारले, “काय म्हणतोय सायेब, पोरगा?”

“खुनी सापडला म्हणतोय,” मी म्हटले.

मागे उभे असलेले एक गृहस्थ, बरेच वजनदार, पांढरे कपडे, हातात नोटांची पिशवी, एकदम विचारू लागले की इथे काही पोलीस-बिलिस येणार आहेत का. मी त्यांना म्हटले, नाही, तुम्ही स्लिप भरा.